पातळ त्वचेसाठी सिलिकॉनची ड्रेसिंग पट्टी: महाग, पण घ्याच

सासूबाईंना संधिवातासाठी प्रेडनिसोलोन वर्षानुवर्षं चालू आहे. या स्टेरॉइडनं त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला बळकटी देणारं प्रथिन, कमी होत जातं. हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालीय, खालच्या निळ्या शिरा मोजून घ्याव्यात. दाराची कडी नुसती घासली तरी जांभळा डाग, नाहीतर कातडी सोलून निघते. गोळी परस्पर बंदही करता येत नाही, एकदम थांबवली तर जिवावर बेततं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

साधी चिकटपट्टी काढताना जखमेपेक्षा मोठं साल निघायचं, म्हणून ही मागवली. चिकटते बेताची, पण निघते अलगद. सुटलेली कातडी कापायची नाही. सलाइननं ओलवून जागेवर पसरायची, मग वर पट्टी. नर्सबाईंनी पट्टीवर पेनानं बाण काढायला लावला, कातडी जिथं अजून जोडलेली आहे तिथून सुटलेल्या कडेकडे. काढायची ती त्याच दिशेनं, म्हणजे बसलेली कातडी पुन्हा उचकटत नाही. हे खोक्यावर छापायला काय जातं?

कोपरावर मात्र घामानं कडा सुटतात, वरून जाळीचं बँडेज लागतंच. आणि आमचा मेडिकलवाला सुटी देत नाही, अख्खं खोकं घ्या म्हणतो. एक तारा त्याचा कापला.