गाडीखाली शिरायचं तर काय घ्यावं: जॅक-स्टँड, रॅम्प, खड्डा की गॅरेजची लिफ्ट?

चवथ आटोपली, पाऊस ओसरला की गोव्यात गाडीच्या पोटाकडे लक्ष जातं. चार महिने चिखल आणि दमट, खारी हवा खाल्ल्यावर कुठे गंज धरलाय, सायलेन्सरचं रबर शाबूत आहे का, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशांचं काय झालंय, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावंसं वाटतं. पण त्यासाठी गाडी वर घ्यायला हवी, आणि वर घेतलेली गाडी तिथेच राहायला हवी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात पहिलीवर भरपूर चर्चा होते, दुसरीबद्दल कोणी विचारत नाही.

पर्याय चार आहेत, पण निवड सहसा पैशांवर अडत नाही, दारातल्या जमिनीवर अडते. आपल्याकडच्या पोर्चला पाणी जावं म्हणून मुद्दाम उतार ठेवतात. वर गुळगुळीत टाइल्स असतात, नाहीतर वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉक, आणि पावसाळ्यात ती वाळू खालून सरकते. वरून सपाट दिसणारा ब्लॉक वजन आलं की एका कोपऱ्याने खचतो. तांबड्या मातीच्या अंगणाचं तर बोलायलाच नको. जाड, सपाट काँक्रीट असेल तरच पुढचं सगळं सोपं आहे.

आधी जॅक. गाडीबरोबर डिकीत येतो तो स्क्रू जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. त्याचा पाया तळहाताएवढा असतो आणि गाडी जराशी पुढे-मागे झाली की तो आडवा होतो. रस्त्यात अडलात तर वापरा, पण त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. बॉटल जॅक ताकदीने भक्कम आणि स्वस्त. मात्र तो मुळात उंच असतो, त्यामुळे छोट्या हॅचबॅकखाली, विशेषतः टायर बसलेला असेल तर, शिरतच नाही. जीप, पिकअप, टेम्पो यांच्या अ‍ॅक्सलखाली तो शोभतो. घरच्या कारला ट्रॉली जॅक बरा: बुटका, पसरट आणि टेकायची वाटी मोठी.

ट्रॉली जॅकची एक खोड मात्र माहीत हवी. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत फिरतो. म्हणून गाडी चढत असताना जॅकची चाकं जमिनीवर थोडी सरकावी लागतात. पेव्हरच्या फटीत किंवा मातीत ती चाकं अडकली तर जॅक सरकायच्या ऐवजी गाडीला ओढतो, नाहीतर वाटी टेकल्या जागेवरून घसरते. कच्च्या जमिनीवर ट्रॉली जॅक नकोच म्हणतात तो यामुळे. शिवाय हायड्रॉलिक जॅक कुठल्याही कंपनीचा असो, आतलं वजन रबरी सीलच्या आधारावर तेल पेलतं. सील गळलं की गाडी खाली येते, कधी हळूहळू, कधी एकदम. म्हणून चढवल्यावर लगेच खाली स्टँड, म्हणजे गाडी पेलून धरणारा लोखंडी टेकू.

स्टँडचे दोन प्रकार मिळतात. एकात दात्यांची दांडी आणि खटका, दुसऱ्यात भोकं आणि आरपार जाणारी पिन. खटक्याचा भराभर वरखाली होतो, पिनचा जरा कटकटीचा. मी पिनचाच सांगेन. 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानांच्या साखळीने आपले खटक्याचे स्टँड मोठ्या संख्येने परत मागवले, कारण काहींचे दाते खटक्यात नीट बसत नव्हते. त्यांच्या बदली दिलेल्या एका मॉडेलच्या वेल्डिंगमध्येही दोष निघाला आणि तेही परत घ्यावं लागलं. पिन पूर्ण आत गेली की नाही ते डोळ्यांना दिसतं, दाता किती अडकलाय ते दिसत नाही. खटक्याचे आधीच घेतले असतील तर टाकून देऊ नका. वजन देण्यापूर्वी खटका हाताने दाबून घ्या, बस्स.

वजनाच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. नऊशे किलोच्या हॅचबॅकचं पुढचा भाग जड धरून साधारण साडेपाचशे किलो पुढच्या चाकांवर येतं, म्हणजे एका स्टँडवर पावणेतीनशेच्या आसपास. दोन टनी जोडी त्याला भरपूर. फक्त पाटीवरचा आकडा एका नगाचा आहे की जोडीचा, हे घेताना वाचा. खरी अडचण असते ती पायाची. ते वजन स्टँडच्या चार टोकांतून जमिनीत उतरतं आणि टाइल तडकते किंवा पेव्हर खचतो. जाड प्लायवूडचा सलग तुकडा खाली घातला तर फरक पडतो. अर्थात प्लायवूडने उतार जात नाही, आणि उतारावर स्टँड लावूच नयेत.

आता चिऱ्यांबद्दल. घराच्या मागे जांभ्या दगडाचे चार चिरे पडलेले असतातच, आणि चाक काढून गाडी त्यांच्यावर टेकवलेली बऱ्याच अंगणांत दिसते. चिरा भिंतीत पेलतो कारण तिथे वजन त्याच्या सगळ्या अंगावर पसरतं. गाडीची लोखंडी कड त्यावर रेघेएवढ्या जागेत टेकते. जांभा सच्छिद्र, पाणी प्यायलेला आणखी मऊ. आधी कोपऱ्यातून लाल भुकटी गळते, मग काहीच होत नाही, आणि मग चिरा मधोमध दुभंगतो. पोकळ सिमेंट ब्लॉकची गत हीच, तो तर भुकटीची सूचनाही देत नाही. ठोकळाच लावायचा तर अखंड, चीर न गेलेलं जाड लाकूड, आडवं-उभं रचून, तेही स्टँडच्या जोडीला.

टेकायची जागा गाडीच्या पुस्तकात दाखवलेली असते, सहसा दाराखालच्या पत्र्याच्या कडेवर दोन खाचांच्या मध्ये. किनाऱ्याजवळच्या जुन्या गाड्यांत नेमकी हीच कड गंजलेली निघते. आधी पेचकसाने टोचून बघा. पत्रा भुसभुशीत लागला तर तिथे टेकू नका, तो आत दबतो आणि गाडी स्टँडवरून उतरते.

हँडब्रेकवर पूर्ण विसंबू नका. बहुतेक छोट्या गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून पाचरी द्या. सगळं झाल्यावर जॅक सैल करून वजन स्टँडवर येऊ द्या आणि आत शिरण्यापूर्वी गाडीला खांद्याने चांगला धक्का द्या. हलली तर बाहेरच हललेली बरी. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा, म्हणजे गाडी निसटलीच तर त्यावर टेकेल.

रॅम्पचं काम आटोपशीर. पुढची दोन चाकं चढवायची, वीतभर जागा मिळते, ऑइल आणि फिल्टर बदलायला तेवढी पुरते. चाक काढता येत नाही, म्हणून ब्रेक-सस्पेन्शनला निरुपयोगी. ओल्या टाइल्सवर रॅम्प पुढे घसरतो. खडबडीत काँक्रीट आणि बाजूला उभं राहून सांगणारं माणूस, दोन्ही असतील तर फक्त ऑइल बदलणाऱ्याने रॅम्पच घ्यावा.

खड्ड्याचा विचार घर बांधताना बऱ्याच जणांच्या मनात येतो. गोव्यात तो मी सुचवणार नाही. खाजणाजवळ (खाडीकाठच्या सखल जमिनीजवळ) किंवा किनारपट्टीला पावसाळ्यात पाणी जमिनीलगत येतं आणि खड्ड्याची विहीर होते. मग बेडूक, आणि बेडकांमागून साप. त्याहून वाईट गोष्ट दिसत नाही: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात उतरून साचते, आणि एक उघडा बल्ब किंवा ग्राइंडरची ठिणगी पुरते. वर इंजिन चालू ठेवलं तर धूरही खालच्या माणसाकडेच येतो. डोंगरउतारावरचा प्लॉट असेल आणि खड्डा एका बाजूने उघडा राहणार असेल, तर गोष्ट थोडी वेगळी.

उरली लिफ्ट. घरी बसवायची कल्पना सोडा, दोन खांबी लिफ्टला जाड काँक्रीटमध्ये रोवलेले बोल्ट लागतात आणि वर उंच छप्पर. पण क्लच, गिअरबॉक्स, अख्खा सायलेन्सर किंवा मेमधलं अंडरकोटिंग (खालच्या पत्र्याला गंजापासून वाचवणारा लेप) असेल तर म्हापसा, फोंडा, वेर्ण्याच्या बाजूला लिफ्टवालं गॅरेज गाठा. ओळखीचा फिटर असेल तर दुपारच्या मोकळ्या वेळी गाडी वर घेऊन तुम्हालाही खालून बघू देतो. बघायला जाण्याआधी त्याला लिफ्ट लॉकवर बसवायला सांगा. वर चढताना लॉक खटखट वाजत जातं, पण शेवटी गाडी थोडी खाली सोडून त्यावर टेकवावी लागते, आणि घाईत तेवढंच राहून जातं. दोन्ही खांबांची लॉक टेकली की नाही, तेही बघा.