एकच व्हॉट्सअ‍ॅप, दोन फोन की दोन नंबर? कामाचे आणि घरचे मेसेज वेगळे करण्याआधी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. घर इंदिरानगरला, माहेर निफाड तालुक्यात द्राक्षबागेवर. फोनवर शिफ्टचा ग्रुप, व्हेंडरांचा ग्रुप, ग्राहक कंपनीचं टीम्स (ऑफिसातल्या गप्पांचं अ‍ॅप) आणि दोन ईमेल. शिवाय सोसायटी, मुलाचा वर्ग, शाळेचं वेगळं अ‍ॅप, भावकी आणि टेलिग्रामवरचे बागायतदार. या पसाऱ्याची मांडणी मी तीनदा बदलली. हल्ली ऑफिसातल्या दोघी-तिघी विचारतात, आम्ही काय करू? त्यांना सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

पहिली मांडणी बहुतेकांची असते तीच, सगळं एकाच व्हॉट्सअ‍ॅपवर. तिची ताकद कमी लेखू नका. मशीनवरचा ऑपरेटर, टेम्पोवाला, प्लेटिंगवाला आणि सासूबाई, सगळे तिथे आधीपासून आहेत. कुणाला काही शिकवावं लागत नाही, टायपिंग जमत नाही तो बोलून पाठवतो. आवरायची साधनंही आहेत. ग्रुप आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा म्यूट करता येतो. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. २०२२ पासून ग्रुप सोडला तर त्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते, त्यामुळे भावकीत चर्चा होण्याची भीती बरीच कमी झाली.

तरीही मी ही मांडणी सोडली. ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, होऊन बागेत कोवळी फूट होती आणि रात्री पाऊस झाला. पानं ओली राहिली की डावणी हा बुरशीचा रोग झपाट्याने पसरतो, म्हणून फवारणी तासांच्या हिशेबात करावी लागते. भावाने पहाटे सहाला घरच्या ग्रुपवर लिहिलं, औषध पिंपळगावला मिळत नाहीये, नाशिकहून पाठव. सुप्रभातच्या चित्रांना कंटाळून तो ग्रुप मी म्यूट केला होता. मेसेज वाचला तो दुपारी एकला. भाऊ एका शब्दाने बोलला नाही, तेच मला जास्त लागलं. ग्रुप म्यूट केला की गोंगाटाबरोबर त्यातली माणसंही म्यूट होतात. नावाने टॅग केलं तर म्यूट ग्रुपमधूनही सूचना येते, हे खरं. पण चिखलात उभा असलेला माणूस टॅग करत बसत नाही.

मग दोन फोन केले. चार महिने. वेगळेपणाच्या बाबतीत याला तोड नाही: संध्याकाळी कामाचा फोन बंद करून पर्समध्ये टाकला की संपलं. कंपनीने फोन आणि सिम दिलं असेल तर हाच पर्याय घ्या, कारण नोकरी सोडताना नंबर कंपनीकडे राहतो आणि व्हेंडर वर्षभर तुम्हाला शोधत बसत नाहीत. माझा खर्च मात्र माझाच होता. दुसरी अडचण नाशिकची म्हणावी लागेल. आमचे सुपरवायझर माझ्याच सोसायटीत राहतात, मुलाच्या मित्राचे वडील आमचे व्हेंडर आहेत. ज्यांच्याकडे जुना नंबर आहे ते जुन्यावरच मेसेज टाकतात. दोन महिन्यांत दोन्ही फोनवर दोन्ही प्रकारचे मेसेज यायला लागले.

सध्या आहे ती तिसरी मांडणी, एका फोनमध्ये दोन नंबर. अँड्रॉइडवर २०२३ पासून एकाच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये दोन खाती चालतात. दुसरा मार्ग म्हणजे कामाच्या नंबरासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे वेगळं अ‍ॅप, जे २०१८ पासून आहे. मी दुसरा घेतला आणि तुम्हीही तोच घ्या असं म्हणेन. फोनमधला फोकस मोड, म्हणजे ठरलेल्या वेळी अ‍ॅप गप्प करणारी सोय, अ‍ॅपला थांबवतो, खात्याला नाही. दोन्ही खाती एकाच अ‍ॅपमध्ये असली तर संध्याकाळी ऑफिसबरोबर घरही थांबतं. वेगळं अ‍ॅप असलं की सात ते सकाळी आठ फक्त तेवढंच गप्प करता येतं. बिझनेसमध्ये कामाच्या वेळेबाहेर आपोआप उत्तर जाण्याची सोय आहे. मी त्यात एकच ओळ ठेवली आहे: ‘मशीन बंद किंवा गाडी अडली असेल तर फोन करा, बाकीचं सकाळी आठनंतर.’ कुणालाही राग आला नाही. उलट दोन व्हेंडरांनी विचारून घेतलं की हे कसं लावायचं.

एक सावधगिरी. ‘चेंज नंबर’ दाबू नका. त्याने सगळं खातं नव्या नंबरावर सरकतं, घरच्या ग्रुपसकट. नवा नंबर नव्याने सुरू करा, कामाच्या ग्रुपमध्ये तो घालून घ्या आणि मग जुना बाहेर काढा. जुन्या नंबरावर कामाचा मेसेज आला की मी उत्तर नव्यावरून देते. लोकांना वळण लागायला दोनेक महिने गेले.

ऑफिससाठी वेगळं अ‍ॅपच का नको, असंही विचारतात. सगळे टेबलावर बसणारे असतील, आयटीत असतात तसे, तर जरूर घ्या. स्लॅक (हेही ऑफिसचं चॅट अ‍ॅप) किंवा टीम्समध्ये विषयवार चॅनेल असल्याने जुनी चर्चा लवकर सापडते. आमच्याकडे ते चाललं नाही. शॉप फ्लोअरवर कुणी उघडेना, शिवाय स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये शेवटच्या ९० दिवसांचेच मेसेज दिसतात आणि आमच्याकडे मालाची तक्रार सहा महिन्यांनीही येते. टीम्स आम्ही ठेवलं ते ग्राहक वापरतो म्हणून. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये २ लाख माणसं मावतात, म्हणून हवामान आणि बाजारभाव वाचायला ते ठीक. पण तिथले नेहमीचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकेल असे) नसतात, त्यामुळे दर आणि कोटेशन मी तिथे टाकत नाही.

या सगळ्या अ‍ॅपांच्या आधीचा ईमेल, १९७१ पासूनचा, कारखान्यात आजही माझा सगळ्यात भरवशाचा गडी आहे. एकदा ग्राहकाने सुधारित ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. फोटो पाठवताना तो दाबून लहान केला जातो, त्यात एक माप धड वाचता येईना. त्याच दिवशी ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या चाळीस शुभेच्छा आल्या आणि फोटो वर निघून गेला. ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवर दोनशे नग निघाले, सगळे रिजेक्ट. तेव्हापासून ड्रॉइंग, पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि दर फक्त मेलवर. ग्रुपवर एवढंच येतं, ‘मेल टाकला आहे, बघा.’ जीमेलवर २५ एमबीपर्यंतची फाइल सरळ जोडता येते, आमच्या ड्रॉइंगला ती पुरते. ग्राहकाच्या नावाचं लेबल आणि फिल्टर लावायला अर्धा तास गेला, तो वसूल झाला.

रात्री साहेबांच्या मेसेजला उत्तर नाही दिलं तर चालेल का, ही धास्ती खरी आहे आणि ती कुठलंही अ‍ॅप घालवत नाही. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून दूर राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणून मी साहेबांशी समोर बसून बोलले. काय तातडीचं मानायचं, याच्या चार गोष्टी कागदावर लिहून घेतल्या आणि त्यासाठी फक्त फोन असं ठरलं. दुसरं सिम घेण्याआधी हे बोलणं करा. कदाचित सिमची गरजच उरणार नाही.

घरीही तेच ठरवलं. तातडीचं असेल तर लिहायचं नाही, फोन करायचा. रात्री डू नॉट डिस्टर्ब चालू असतो, त्यात स्टार केलेल्या नंबरांना वाट मोकळी ठेवता येते. अँड्रॉइडवर आणखी एक सोय आहे: त्याच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसरा फोन आला तर तो वाजू देता येतो. आयफोनवर ही मुदत तीन मिनिटांची आहे.

यंदाच्या छाटणीनंतर पुन्हा रात्रीचा पाऊस झाला. भाऊ बागेत होता, म्हणून पहाटे वहिनीने फोन केला. तिचा नंबर मी स्टार केलेला नव्हता. पहिला फोन वाजलाच नाही, दुसरा वाजला. नऊला दुकान उघडलं आणि दहाच्या एसटीने औषध पिंपळगावला गेलं.