पाणी की तेल? हिंगणा एमआयडीसीतल्या उन्हाळ्यात क्वेंचिंग

क्वेंचिंग म्हणजे लालभडक तापवलेलं पोलाद झटकन थंड करून कडक करणं. ईएन-८ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा साधा जाड शाफ्ट ८५० अंशांवरून पाण्यात बुडवला की कडकपणा छान येतो, पण की-वेच्या (शाफ्टवर चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्याला तडा जायची भीती असते. त्यात नागपूरचा मे महिना! पारा ४५च्या आसपास, टाकीतलं पाणी आधीच कोमट. ते ३०च्या वर गेलं की जॉबभोवती, म्हणजे बुडवलेल्या भागाभोवती, वाफेचं आवरण जास्त वेळ टिकतं, तिथे मऊ डाग राहतात. कूलिंग टॉवर नसेल तर उन्हाळ्यात पाण्याच्या भरवशावर राहू नका.

तेल मुळातच ५० ते ७० अंशांवर वापरतात. ईएन-२४ या मिश्र पोलादाला तर तेलच. मात्र तेलात पाणी शिरलं तर फेस येऊन आग भडकते. गरम पत्र्यावर तेलाचा थेंब टाकून बघा. तडतडला तर चार्ज (तापवलेला माल) भट्टीतून काढूच नका.

टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा बेताचं तापवणं, पाणी असो वा तेल, लगेच करा, जॉब हाताला सोसवेल इतका कोमट असतानाच.