एकदाच मोठं शिबिर की दर महिन्याला थोडं थोडं?

स्थानिक आरोग्य कार्यकर्ती घडवायची तर एक मार्ग म्हणजे सलग दोन-तीन आठवड्यांचं निवासी शिबिर. दुसरा, महिन्यातून दोन दिवस वर्ग आणि मधल्या काळात घरभेटींत सराव.

शिबिर उरकायला सोपं, हिशेबही एकदाच. पण तान्हं बाळ असलेल्या बाया येऊच शकत नाहीत.

खरा फरक हाताच्या कामात. श्वास मोजणंच घ्या. मूल शांत असताना पूर्ण 60 सेकंद मोजायचे. 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले तर श्वास जलद. आकडे शिबिरात पाठ होतात. प्रत्यक्षात मूल रडतं, कार्यकर्ती 15 सेकंद मोजून चारने गुणते, आणि दोन श्वास चुकले की आठांचा फरक पडतो. ही चूक रजिस्टरमध्ये दिसत नाही. घरभेटीच्या सरावात पर्यवेक्षिकेने शेजारी बसून स्वतः मोजलं तरच सापडते.

पर्यवेक्षिकेचा प्रवासखर्च थांबला की दुसरा मार्गही कोलमडतो. त्याची तरतूद नसेल तर शिबिरच घ्या, पण तीन महिन्यांनंतरच्या उजळणीची तारीख आधीच ठरवा. औषधांचा पुरवठा तुटला तर मात्र दोन्ही मार्ग सारखेच निरुपयोगी.