एच५पी: मुलांना अडवून धरणारा व्हिडिओ

कराडजवळच्या गावात मी दहावीच्या भूमितीचे क्लास घेते. संध्याकाळची एक तुकडी ऑनलाइन असते. सव्वीस मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या हातात वडिलांचा फोन, तोही ते कामावरून घरी आल्यावर. म्हणून व्हिडिओ आधी पाठवायचा आणि तासाला नुसत्या शंका घ्यायच्या, असं ठरवलं. पहिला व्हिडिओ केला वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढण्याचा, चांगला अठ्ठावीस मिनिटांचा. दुसऱ्या दिवशी विचारलं, "पाहिला का रे?" एका सुरात "हो मॅडम". "मग लंबदुभाजक कुणाचा काढला?" सगळ्यांचे माइक एकदमच बिघडले.

भाच्यानं एच५पी नावाचं सॉफ्टवेअर सुचवलं. मूळ नॉर्वेचं, मुक्त स्रोत, फुकट. आपल्याच व्हिडिओवर हव्या त्या सेकंदाला प्रश्न चिकटवायचा. तो सेकंद आला की व्हिडिओ थांबतो आणि प्रश्न समोर उभा राहतो. मूडल (ऑनलाइन वर्ग चालवायची साइट) किंवा वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायचं साधन) चालतं. आमचं मूडल भाच्यानंच बसवून दिलं, त्यामुळे कुणी काय उत्तर दिलं आणि किती गुण पडले ते मला सकाळी चहा घेताना दिसतं. स्वतःची साइट नसेल तर लुमी नावाचा फुकट प्रोग्राम संगणकावर घालून तोच व्हिडिओ ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एका एचटीएमएल फाइलीत बाहेर काढता येतो.

आता खरं काम सांगते. फोन स्टँडला उलटा टांगून, वरून हात आणि कंपास दिसेल असा सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. सहाच का? २०१४ साली संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडेक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली होती. व्हिडिओ कितीही लांब असो, मुलं साधारण सहा मिनिटांच्या आतच उठतात, असं त्यांना आढळलं. नुसत्या स्लाइडपेक्षा हातानं लिहीत-काढत शिकवलेलं मुलं जास्त वेळ बघतात, हेही त्यात होतं. अठ्ठावीस मिनिटं बडबडण्याआधी हे वाचलं असतं तर घसा वाचला असता.

वर्तुळाची त्रिज्या ३ सेमी, केंद्र ओ, बाहेरचा बिंदू पी, ओपी ५ सेमी. ओपीचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू एम मिळवायचा. मग एम केंद्र आणि ओएम त्रिज्या, म्हणजे अडीच सेमी, घेऊन वर्तुळ काढायचं. ते मूळ वर्तुळाला जिथे छेदेल तो स्पर्शबिंदू, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन. मुलं चुकतात ती इथेच. कंपासमध्ये मूळ वर्तुळाची ३ सेमी त्रिज्या घेतात आणि एमवर ठेवून फिरवतात. गंमत अशी की त्यातून आलेली रेषा डोळ्यांना अगदी स्पर्शिकाच वाटते. ती वर्तुळात शिरते जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. वहीत मी स्वतः पटकन बरोबरची खूण करून टाकली असती.

म्हणून व्हिडिओच्या शेवटी रिकामी जागा टाकली: पीपासून स्पर्शबिंदूपर्यंतचं अंतर मोजून लिही. बरोबर रचनेत ४ सेमी भरतं, चुकलेल्या रचनेत ४.६ च्या आसपास. उत्तर चुकलं तर व्हिडिओ कुठल्या मिनिटाला परत न्यायचा, ते एच५पीमध्ये ठरवता येतं. मी सगळ्यांना कंपास एमवर ठेवते त्या जागी पाठवते. या एका सोयीसाठी मी याला पाचपैकी साडेचार देईन.

रिकाम्या जागेचं उत्तर दोन तारांकनांच्या मध्ये लिहायचं असतं, पर्याय तिरप्या रेघेनं तोडून. इथे मराठी शिक्षकांनी सावध राहावं. मुलं चार हा आकडा देवनागरीत लिहितात, इंग्रजीत लिहितात, अक्षरी लिहितात, शिवाय पट्टीवर ३.९ आणि ४.१ वाचणारी असतातच. हे सगळं आधी भरून ठेवायचं, नाहीतर बरोबर उत्तराला लाल फुली आणि रात्री नऊला आईचा फोन. शब्दांत उत्तर हवं असेल तर शुद्धलेखनाच्या किरकोळ चुका चालवून घेण्याची सोय आहे, तिथे जरूर टिक करा. बटणांवरचे शब्दही बदलता येतात. माझ्याकडे "तपासा", "पुन्हा कर", "पुढे चल" असं आहे.

पुढे ढकलायला बंदी घालण्याचीही एक सोय आहे. ती मी मोठ्या हौसेनं लावली आणि आठवड्यात काढली. मुलं व्हिडिओ लावून जेवायला बसायची. आता पळवायचं त्यानं पळवावं, मोजल्याशिवाय उत्तर येत नाही.

सिद्धता लिहून घ्यायला याचा उपयोग नाही. मोकळं उत्तर लिहायची चौकट आहे, पण ते तपासायचं तुम्हालाच. त्यासाठी वहीचा फोटोच बरा. आणि वेळ खातं: सहा मिनिटांच्या व्हिडिओत चार प्रश्न बसवायला मला तासभर जातो. प्रश्नाची चौकट चित्रावरच उघडते, म्हणून शूटिंग करतानाच आकृती कागदाच्या डाव्या अंगाला काढत जा. नंतर सुचून उपयोग नसतो, सगळं पुन्हा टांगावं लागतं.

परवा रात्री साडेदहाला एका मुलाचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, माझं चार पॉइंट सहाच येतंय. तीनदा मागं नेलं. बिघडलंय का काय ते?" मी एवढंच पाठवलं, "कंपास पट्टीवर ठेवून बघ." पाच मिनिटांनी वहीचा फोटो आला. जुनं वर्तुळ खोडून कागद पार मळला होता, पण आतलं नवं वर्तुळ अडीचचं होतं.