कोकेन सोडवायचंय: केंद्रात ठेवू की घरून उपचार?

एका ताईंनी विचारलं, "धाकट्या भावाला व्यसनमुक्ती केंद्रात घालू, की घरून ओपीडीत नेऊ?" जाहिरातींतले 'शंभर टक्के' दावे बाजूला ठेवू या. कोकेनची ओढ थांबवणारं मान्यताप्राप्त औषध आजही नाही. समुपदेशन हाच कणा.

व्यसन किती मुरलंय? सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. अमेरिकेतल्या ११ शहरांतल्या १६०५ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दारू, मानसिक आजार, बेकारी, एकटेपणा असं बरंच काही एकत्र असलेले रुग्ण निवासी केंद्रात ९० दिवस किंवा जास्त टिकले तेव्हाच जास्त सुधारले. हलक्या अडचणीवाल्यांना ओपीडीही पुरली.

उपचाराच्या पहिल्या दिवशीची लघवी तपासा. ती स्वच्छ आली, कोकेन सापडलं नाही, म्हणजे दोन-तीन दिवस तरी त्याने स्वतःला आवरलंय. अशांचे ओपीडीत निकाल चांगले येतात. दर स्वच्छ चाचणीमागे छोटं बक्षीस देण्याची पद्धत तर कोकेनवर फार प्रभावी ठरली आहे. मला ती मनापासून पटते; माणसाला आजचं काहीतरी हातात मिळतं.

खर्च ओपीडीत कमी, नोकरीही टिकते. पण मेहनत घरच्यांची: पगार कुणाच्या हातात, जुना मित्र खालून हाक मारतो तेव्हा दार कोण उघडतं?

ताई, भाऊ कामावर जातोय, दारू नाही, तुम्ही सोबत आहात, तर ओपीडी. दारूही असेल, घरी कुणी नसेल, ओपीडी दोनदा सुटली असेल, तर केंद्र, तेही तीन महिने. मरणाची भाषा करत असेल तर आजच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.