मेट्रिक की जुनी मापं : देशानं कुठला रस्ता धरावा?

मेट्रिकचा, म्हणजे मीटर-लिटर-किलोच्या मापांचा, विषय निघाला की दोनच पर्याय मांडले जातात : जुनी मापं बदला, किंवा आहे तेच चालू द्या. खरे पर्याय तीन आहेत. तिसरा म्हणजे अर्धवट बदल. तिथे कुणी ठरवून जात नाही. पहिल्या दोहोंपैकी एक नीट निवडला नाही की देश आपोआप तिथे जाऊन अडकतो. माझ्या मते सगळ्यांत महाग पडतो तो हाच.

आहे तेच ठेवलं तर

फूट-इंचाची बाजू लंगडी नाही. बाराला दोन, तीन, चार, सहा या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. फुटाचा तिसरा हिस्सा नेमका चार इंच. मीटरचा तिसरा हिस्सा मात्र ३३३.३३ मिलिमीटर, आणि पुढे तीनच तीन. शिवाय जमिनीचे दस्तऐवज, नकाशे, यंत्रं, साचे, सगळं जुन्या मापांत. अमेरिकेची घरचीच बाजारपेठ एवढी मोठी की तिला हे रेटता येतं. पण तिथलंही जुनं माप स्वतःच्या पायावर उभं नाही. १८९३ पासून अमेरिकेतला यार्ड आणि पौंड मीटर-किलोग्रॅमवरूनच ठरतात, आणि १९५९ पासून इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. गॅलनचं तर नावच फसवं : अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा.

पूर्ण बदललं तर

एक भिंत घ्या, ११ फूट ७ ३/८ इंच लांबीची. तिचे चार सारखे भाग करायचे आहेत. उत्तर येतं २ फूट १० २७/३२ इंच, तेही कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर. तीच भिंत ३,५४० मिलिमीटर म्हणून मोजली तर एक भाग ८८५ मिलिमीटर, तोंडी. ऑस्ट्रेलियातल्या बांधकाम व्यवसायानं बदल करताना सेंटिमीटर बाजूला ठेवून थेट मिलिमीटर घेतला, त्यामुळे नकाशावर दशांशचिन्हच उरलं नाही. तिसऱ्या हिश्शाची अडचणही सुटते : मापं १,२०० मिलिमीटरच्या पटीत ठेवली की दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो.

खर्च अर्थातच येतो. मात्र तो एकदाच करायचा असतो, आणि तारीख पक्की असेल तर आटोपतोही. ऑस्ट्रेलियानं कायदा १९७० मध्ये केला आणि रस्त्यावरच्या वेगाच्या पाट्या जुलै १९७४ च्या एका महिन्यात बदलल्या. भारतानं १९५६ मध्ये कायदा करून १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं अंमल सुरू केला.

मधेच थांबलं तर

ब्रिटननं १९६५ मध्ये सुरुवात केली, तरी आज तिथे पेट्रोल लिटरवर मिळतं, अंतर मैलात मोजतात आणि गाडीचं अ‍ॅव्हरेज मैल प्रति गॅलन सांगतात. अमेरिकेनं १९७५ च्या कायद्यात बदल ऐच्छिक ठेवला. १९८२ मध्ये त्यासाठीचं मंडळच बंद झालं.

कॅनडातला प्रसंग जास्त बोलका आहे. २३ जुलै १९८३. बदल अजून चालूच होता आणि बोइंग ७६७ हे मेट्रिकमधलं नवं विमान होतं. त्याचे इंधनाचे काटे बंद, म्हणून हिशेब हातानं केला. लिटरचे किलो काढायला साधारण ०.८ नं गुणायला हवं होतं, गुणलं १.७७ नं; म्हणजे उत्तर पौंडात आलं आणि ते किलो समजलं गेलं. २२,३०० किलोऐवजी जेमतेम निम्मं इंधन घेऊन विमान उडालं. दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमली गावाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि आतले सगळे ६९ जण वाचले. १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं अमेरिकेचं यान मात्र वाचलं नाही. इंजिनाच्या रेट्याची आकडेवारी एका गटानं पौंडात दिली, दुसरा गट ती न्यूटनमधली (बलाच्या मेट्रिक एककातली) समजत होता.

एवढं लांब जायलाही नको. अर्धा इंची पाना लागणारा नट बाहेरून १२.७ मिलिमीटरचा. हाताला तेरा नंबरचा पाना लागला तर तो बसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. त्या जराशा ढिलाईत जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात, मग कुठलाच पाना धरत नाही. दोन पद्धती शेजारी-शेजारी नांदवल्या की असं रोज कुठेतरी होत राहतं.

मग ठरवायचं कसं?

आयात-निर्यातीवर चालणाऱ्या लहान देशानं पूर्ण बदलावं. दुसरं काही मला पटत नाही. मोठ्या देशाकडे तारीख जाहीर करून ती पाळण्याची तयारी नसेल, तर सुरुवातच करू नये. आणि बदल म्हणजे नुसतं लेबल बदलणं नव्हे. आठ फुटी फळीवर २.४३८४ मीटर लिहिलं तर लोक वैतागणारच; फळीच २.४ मीटरची करावी लागते. औषधाचा डोस, इंधन आणि वजनं यांत दुहेरी मापं शक्य तितक्या लवकर बंद करावीत. विमानांची उंची फुटांत आणि टायरच्या रिमचं माप इंचात जवळजवळ जगभर चालतं, बहुतेक मेट्रिक देशांतसुद्धा. ते एकट्या देशाच्या हातात नाही, तिथे शक्ती घालवू नये.